मावशींनी शोधलेलं घर

अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट. दोन नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या होत्या. जेसीबीनं पायासाठी पहिला चर खोदला आणि सातवीच्या पोरींनी त्या मातीतून खापरं आणि नखाएवढी गारगोटीची पाती वेचून माझ्या टेबलावर आणून मांडली. एकीनं तर तसल्या एका पात्यानं माझ्यादेखत पेन्सिलीला टोक काढलं.

नांदेडला कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राला मी फोटो पाठवले. आठवड्याभरात उत्खननाची माणसं आली. त्यांच्या प्रमुख बाई खापर हातात घेऊन म्हणाल्या, "सर, लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हाची वस्ती आहे ही. आम्हाला दोन महिने द्या."

बांधकाम थांबलं. पालक कुरकुरायला लागले. "सर, हे लोक दगडं वेचून राहिले, अन् खोल्या कवा बांधणार?" मी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचो.

पाचव्या आठवड्यात एक चूल सापडली. भाजून लाल झालेली माती, आत राख. चूल आहे म्हणजे घरही असणार, पण ते सापडेना. पूर्वेकडे आठ दिवस खणलं, हाती काही लागलं नाही. बाईंचा चेहरा उतरला.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज दुपारी खड्ड्याच्या काठाला येऊन बसायच्या. त्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, ह्या बाई तिकडं काय हुडकून राहिल्या?"

"घर, मावशी."

"तिकडं कशाला असंल? चुलीचं तोंड बघा की, मावळतीला हाय. आपल्याकडं वारं तिकडूनच येतंय. आडोसा नसंल तर जाळ टिकंल का? भिंत मावळतीलाच असणार."

मी बाईंना हाक मारली. त्या मावशींजवळ उकिडव्या बसल्या आणि सगळं पुन्हा सांगायला लावून वहीत उतरवून घेतलं.

मग पश्चिमेला खणायला घेतलं. तिसऱ्या दिवशी पिवळ्या मातीत एक काळसर गोल डाग दिसला. कुजून गेलेल्या खांबाची ती जागा होती. संध्याकाळपर्यंत असे सात डाग उघडे पडले, कमानीसारखे एका ओळीत.

"मावशी, घर सापडलं!" बाई चक्क ओरडल्या.

मावशी पातेलं घासत होत्या. तशाच राखेच्या हातांनी पळत आल्या, खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बया! एवढुशा जागेत कशी नांदली असंल?" मग आम्ही सगळेच हसलो. कुरकुरणारे पालक दुसऱ्या दिवशी पाव्हण्यारावळ्यांना घेऊन बघायला आले.

खोल्यांचा आराखडा बदलला. खोल्या पटांगणाच्या दुसऱ्या कडेला सरकल्या आणि पुढच्या वर्षी बांधून झाल्या. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर चर्चाच झाली नाही. मावशी आधी "न्हाई न्हाई" म्हणाल्या, मग नवं इरकल नेसून आल्या आणि फीत कापली. त्या दिवशी पोरांना शिरा होता, आणि तो मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही.