मामाच्या पिकअपचा पंखा

माझ्या पिकअपच्या रेडिएटरचा पंखा मी स्वतःच्या हातांनी बसवला आणि तो आजतागायत कुणालाही काढता आलेला नाही.

बसवायचं कारण आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, राहणार साक्रीजवळच्या खेड्यात. त्यांच्या मुलीचं, माझ्या पूनमचं, लग्न मे महिन्यात ठरलं. मुलीला मांडवात आणायचं ते मामानं, आणि बहिणीला भाऊ एकच! म्हणजे त्या लग्नात नवरदेवाखालोखाल महत्त्वाचा माणूस मी. (नवरदेवाच्या थोडा वरच, पण आपण कशाला बोला!) असं असताना दाजींचा फोन आला.

"मामा, तुमच्यासाठी जीप पाठवू का? ती तुमची चहाची किटली पारोळ्याहून इथवर येईल का?"

किटली! माझ्या पिकअपला! आता तिला उन्हाळ्यात जरा वाफ यायची, हे खरं. पण मे महिन्यात खानदेशात वाफ कुणाला येत नाही? इथे दुपारी छत्रीसुद्धा सावली शोधते!

मी त्याच दिवशी जळगावला गेलो. जुन्या बाजारातून एका कारचा विजेवर चालणारा पंखा आणला आणि त्याच्यासोबत एक कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. इंजिन किती तापलं ते तिला कळतं, लाल आकड्यात ती ते दाखवते आणि वेळ आली की आपणहून पंखा सुरू करते. एवढी समज आमच्या घरात कुणालाच नाही.

बसवताना मी कसूर ठेवली नाही. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वायर लोखंडी पाइपातून नेली. खड्ड्यांनी डबी हलू नये म्हणून ती रिव्हेट मारून पत्र्याला ठोकली. आणि सगळे जोड त्या दगडासारख्या घट्ट होणाऱ्या पुट्टीत असे गाडले, की हजार वर्षांनी उत्खनन झालं तर मोहेंजोदडो बाजूला ठेवून लोक माझी पिकअप बघायला येतील! चावी फिरवली. पंखा असा घोंगावला की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. मी नारळ फोडला.

"नुसता आवाज ऐकून नारळ?" बायको म्हणाली. "आधी धुळ्यापर्यंत नेऊन तरी बघा."

"मंगला, विमान काय आधी धुळ्यापर्यंत नेऊन बघतात का?"

लग्नाच्या दिवशी मागच्या हौद्यात गाद्या घातल्या, वर ताडपत्री बांधली. तिथे अक्का, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि भावकीतल्या बायका बसल्या. पुढे मी, मंगला आणि माझे वडील, आबा. अवजारांची पेटी मी मुद्दाम घरी ठेवली. ज्याची गाडी बिघडत नाही त्याला पेटी कशाला?

धुळ्याच्या अलीकडेच डबीवरचा आकडा चढू लागला. आबांचा चष्मा नवा होता, ते मोठ्यानं अहिराणीत धावसंख्या सांगू लागले.

"ब्याण्णव... पंच्याण्णव... नव्याण्णव! शंभर! शतक व्हयी गयं!"

मागून कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या! मी गाडी बाजूला घेतली. पंखा तर भन्नाट फिरत होता. उभ्या उभ्या आकडा हळूहळू खाली आला. निघालो, पुन्हा चढला. थांबलो, उतरला. धुळं गेलं, कुसुंबा गेलं, नेर गेलं, प्रत्येक लिंबाखाली आम्ही मुक्काम केला. नेहमी पळाली की गाडीला वारा लागतो आणि ती गार होते. आमची उभी राहिली की गार आणि पळाली की लाल!

आबांनी निदान केलं, "हाई गाडी तुन्हासारखीच शे. बशी ऱ्हायनी ते थंड, कामले लाई का तापस!"

कसेबसे साक्रीच्या अलीकडच्या फाट्यावर पोचलो. आता फक्त आतला गावरस्ता उरला होता. तिथे पिकअपनं असा फूत्कार टाकला की शेजारचा रसवंतीवाला दुकान सोडून पळाला. तेवढ्यात दाजींचा फोन.

"मामा, गुरुजी घड्याळ बघताहेत. मुहूर्त काही थांबत नाही. नाहीच जमलं तर आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याला मामा म्हणून उभा करतो. माणूस चांगला आहे."

गिरणीवाला! माझ्या पूनमचा हात धरून! फोनवरच मागून बहिणीचा रडवेला आवाज आला, "भाऊ, कोठे शेस रे तू?" मी फोन खिशात कोंबला आणि रसवंतीतली पाण्याची बादली उचलली.

मंगला गाडीपुढे जाऊन घाम पुसत उभी होती. "अहो, इकडे या. पंख्यानं वारा आत ओढायचा की बाहेर फेकायचा?"

"आत ओढायचा. तुला नाही कळायचं त्यातलं."

"मग माझा पदर जाळीला चिकटायचा सोडून माझ्याच तोंडावर का येतोय?"

मी पदराकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. लाल तारेच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल, असं काहीसं घडलं असावं, असं म्हणायला वाव होता. गाडी पुढे पळे तेव्हा समोरचा वारा आत शिरे, पंखा त्याला बाहेर ढकले आणि दोघांच्या भांडणात रेडिएटर भाजून निघे!

"मग बदला ना तारा!"

"त्या पुट्टीत आहेत."

"फोडा पुट्टी!"

"ती फुटणार नाही," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणीही मला अभिमानच वाटला.

आबा भडकले. "पंखा उलटा शे ते गाडीबी उलटी हाक!"

ते रागानं बोलले, पण मी उडालोच. गाडी मागे पळाली तर वारा मागून येणार, पंखाही तिकडूनच फेकणार, दोघांची दिशा एक! "बसा!" मी ओरडलो, रेडिएटर भरलं, गाडीची पाठ गावाकडे केली आणि रिव्हर्स टाकला.

आणि वाजली की धून! रिव्हर्स घेताना वाजावी म्हणून मी कधीकाळी सनईची धून बसवली होती. ती आता सबंध रस्ताभर थांबेचना. मी मान डावीकडे पुरती वळवून मागे बघतोय आणि अक्का ताडपत्री बाजूला सारून हौद्यात उभी राहून हुकूम सोडतेय.

"डावीकडे घे! म्हैस! म्हैस! अरे, तिला आधी जाऊ दे, तिचं तोंड तरी पुढे शे!"

पण आकडा? "पंच्याण्णव... नव्वद... शहाऐंशी!" आबा आनंदानं किंचाळत होते. माझा पंखा चालला होता! दिशा कोणतीही असो, चालला होता!

मांडवात लोकांना आधी सनई ऐकू आली. मग धुळीतून गाडीची पाठ आली, पाठीवर हात उंचावून उभी असलेली अक्का आली आणि सगळ्यांत शेवटी मी. बँडवाल्यांना वाटलं, मामानं स्वतःचा ताफा आणला, तेही त्याच सुरात वाजवू लागले! गिरणीवाल्याच्या डोक्यावरचा फेटा मी उतरवून घेतला आणि धावत पूनमकडे गेलो.

"मामा," ती डोळे पुसत हसली, "मला वाटलं तू येतच नाहीस."

मी तिला मांडवात आणलं. मुहूर्त टळला नाही. मान मात्र डावीकडे वळली ती वळलीच! मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळे नवरानवरीकडे बघत होते आणि मी मांडवाच्या डावीकडच्या जनरेटरकडे. बायका कुजबुजल्या, "बिचारा मामा, रडू लपवतोय." मी नाही म्हटलं नाही.

पंगतीत एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, इतक्या उन्हात गाडी गार! माझ्याही पिकअपला असाच पंखा बसवून द्या."

माझी छाती फुगली. मी जनरेटरकडे बघतच तारीख द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मंगला बुंदी वाढता वाढता थांबली.

"देतील ना, बसवून देतील," ती त्यांना म्हणाली. "फक्त तुम्हाला कुठल्या बाजूला जायचंय, तेवढं आधी सांगून ठेवा."