अक्कासाठी बिनधुराची चूल

अक्काच्या मुलाने चेन्नईहून फोन करून सरळ सांगितलं, "चित्ती, एकतर परसातली चूल बंद करा, नाहीतर अम्माला मी इकडे घेऊन येतो." तो मला तमिळमध्ये चित्ती म्हणतो, म्हणजे काकू. मुलगा वाईट नाही. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच अक्काच्या छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला होता आणि धूर म्हणजे विष असं बजावलं होतं. पण मला त्याचा भयंकर राग आला. चूल बंद करा म्हणे. जसं काही पंखाच बंद करायचा होता.

अक्का माझी थोरली जाऊ. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन तंजावूरच्या जुन्या मराठी घरात आले ती बँकेतून निवृत्त होऊन आता इथलीच म्हातारी झाले. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून ही पदर तोंडाला लावून हसली होती आणि तिचं ऐकून मी. 'इथे'ला ती हिंगा म्हणायची, 'तिथे'ला तिंगा आणि 'सगळं'ला अस्कं. पुढे सासू-सासरे गेले, दोघींचे नवरे गेले, माझी मुलगी बेंगळुरूला आणि तिचा मुलगा चेन्नईला गेला. घरात दोघीच उरलो. दूधवाला, भाजीवाली, ऑटोवाला, शेजारपाजार सगळं तमिळ. मुलांशी मराठीत बोलावं तर उत्तर तमिळमध्ये येतं. मराठी उरलं होतं ते संध्याकाळी, परसात, चुलीपाशी, आम्हा दोघींपुरतं.

ती चूल मुळात आंघोळीच्या पाण्याची. गीझर आला तरी तिला कुणी हलवलं नाही. दिवेलागण झाली की अक्का दोन बुटकी स्टुलं बाहेर काढायची, मी पीठ आणायचे. डोसे, डाळींचे जाडसर अडै, कधी भरताचं वांगं. जळण म्हणजे वादळात पडलेल्या नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या. धूर व्हायचाच. आम्ही स्टुलं इकडून तिकडे सरकवत बसायचो आणि मेलेल्या माणसांपासून समोरच्या घरातल्या सुनेपर्यंत कुणालाही सोडायचो नाही.

आता कुणी म्हणेल, चुलीवाचून बसा की बाहेर. बसलो. डासांनी खाल्लं ते वेगळंच, पण बोलणंच सुचेना. अक्काला रिकाम्या हाताने बसता येत नाही. हातात उलथनं नसलं की तिला वाटतं आपण कुणाच्या घरी पाहुणे आलोय. थोड्या वेळाने ती "शरी," म्हणजे बरं, "मी जातें आंत" म्हणून उठायची आणि टीव्हीवरच्या तमिळ मालिकेसमोर बसायची. मी पाहिलं आणि ठरवलं, धूर न होणारी चूल शोधायची. तशी चूल मिळाली तर मुलाला काही बोलायला जागा राहणार नव्हती आणि अक्का इथेच राहणार होती.

आधी पापनाशमजवळच्या एका गावातून मातीची चूल आणली, वर पत्र्याचं धुराडं असलेली. धूर वर गेला खरा, पण पलीकडच्या कालव्यावरून वारा सुटला की तोच धूर पन्हाळीखाली घुसून परत आमच्या तोंडावर यायचा. मग मुलीने ऑनलाइन एक अग्निकुंड पाठवलं. स्टीलचं, गोल, दुहेरी भिंतीचं. खोक्यावर गोरी माणसं गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसलेली. तंजावुरात ब्लँकेट. जाळ त्यात फारच देखणा यायचा आणि सुकं लाकूड असलं तर धूर जवळजवळ नाहीच. पण त्यावर तवा ठेवायची सोयच नव्हती. अक्काने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हिजवर ठेवायचं काय गे? अपलं तोंड?" मी हसले आणि ते परत पाठवलं.

शेवटी गावातल्या एका दुकानात हवी तशी मिळाली. बादलीएवढी स्टीलची चूल, हिलाही दुहेरी भिंत, खाली बॅटरीवर चालणारा बारीकसा पंखा. दोन भिंतींमधून तापलेली हवा वरच्या भोकांतून आत येते आणि धूर बाहेर पडण्याआधीच जाळून टाकते, असं दुकानदार म्हणाला. मी त्याला दुकानामागे पेटवून दाखवायला लावलं आणि वर घासलेलं पातेलं धरून बसले. त्याचं दुसरं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. बऱ्याच वेळाने पातेलं उलटं केलं तर बुडाला बोटभरही काजळी नव्हती. मी तिथल्या तिथे ती घेतली आणि ऑटोत मांडीवर ठेवून घरी आणली. त्या दिवशी मी किती खूश होते हे आठवलं की आता माझंच मला बघवत नाही.

या चुलीची एक खोड होती. पेटताना थोडा धूर यायचा आणि ओल्या काटकीला तर ती मुळीच क्षमा करायची नाही. म्हणून मी सुरूची लाकडं आणवली, बोटाएवढी तोडून घेतली, दिवसभर गच्चीवर उन्हात घालू लागले. संध्याकाळी अक्काला आत बसवायचं, मागचं दार ओढून घ्यायचं, चूल वरून पेटवायची, जाळ स्वच्छ झाला की दार उघडून तिला हाक मारायची. स्टूलही मीच मांडायचं, वाऱ्याची दिशा बघून. ती आली की तवा तापलेला असायचा. तिने फक्त डोसा घालायचा.

पोंगलला मुलगा आला. सुनेलाही आणलं होतं. ती तमिळ घरातली, मनाने फार चांगली, अक्काला स्वतःच्या आईसारखी जपते. दोघं संध्याकाळी आमच्याबरोबर परसात बसले. मुलाने चूल वरून खालून पाहिली, नाक जवळ नेलं, पंख्याचा आवाज ऐकला. मग म्हणाला, "चित्ती, तुम्ही जिंकलात. अम्माला राहायचं तर राहू दे." मला वाटलं, उठून देवापुढे साखर ठेवावी.

अक्का तव्यावरचा डोसा उलटत होती. मान वर न करता ती त्याला तमिळमध्ये म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. परवाची तिकिटं काढ."

मुलगा आणि सून आत गेल्यावर मी तिला विचारलं. विचारलं म्हणजे भांडलेच. एवढा खटाटोप केला तो काय मला चूल बघत बसायची हौस होती म्हणून? अक्काने मला बोलू दिलं. धाप लागते म्हणून ती हल्ली वाक्यं तोडून तोडून बोलायची.

"चूल बरी आहे गे," ती म्हणाली. "अस्कं बरं आहे. पण तू बोलत नाहींस."

"मी? मी बोलत नाही?"

"मी खोकलें कीं तू थांबतेस. माझें तोंड बघतेस. मी नाहीं खोकलें तरी बघतेस. पूर्वी मी काय सांगतें तें ऐकत होतीस. आतां माझी छाती ऐकतेस."

ते खरं होतं. तिने कधी वाक्य अर्धवट सोडलं तर ते पुढे काय होतं हे मी विचारतच नव्हते. मी श्वास मोजत होते. समोरच्या घरातल्या सुनेला जुळं झालं तरी त्यावर आमचं एक वाक्यसुद्धा बोलून झालं नव्हतं.

"हिंगा राहून तुज सामने रोज थोडी थोडी जायची," ती म्हणाली, "आणि तू लाकडं वाळवायचीस. तें मज नको. तिंगा दवाखाना जवळ आहे." मग तिने माझ्या ताटात डोसा घातला. मी तो खाल्ला, कसा कोण जाणे.

ती गेली. रेल्वे स्टेशनवर ती सुनेचा हात धरून डब्यात चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, घरी जा, उन्हात उभी राहू नको. मी गाडी सुटेपर्यंत उभीच राहिले.

चेन्नईला तिची तब्येत सुधारेल अशी मुलाला आशा होती. तसं झालं नाही. आधी रात्रीपुरता ऑक्सिजन लागायचा, मग दिवसाही. लिफ्टने खालीसुद्धा न्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दोनदा जाऊन राहून आले, पण तो छोटा फ्लॅट, मी आले की सून बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपायची, मग परत आले. फोनवर मात्र आम्ही रोज बोलायचो. फोनवर तिची छाती दिसायची नाही, त्यामुळे मला पुन्हा बोलता येऊ लागलं होतं. जुळ्यांचं सगळं सांगितलं. ती मधून मधून "हूं" म्हणायची.

एका दुपारी सुनेचा फोन आला. मुलगा ऑफिसात होता. ती रडकुंडीला आली होती. "चित्ती, अम्मा सकाळपासून तुमच्या भाषेत काहीतरी मागताहेत. पुन्हा पुन्हा तेच. मला एक शब्द कळत नाही. मी काय करत नाहीये ते तरी सांगा, मी लगेच करते." तिने फोनचा स्पीकर लावला आणि तो अक्काच्या तोंडाजवळ धरला.

आधी यंत्राचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "मज घरास ने गे. मज हिंगा नको."

तिने ते दोनदा म्हटलं. पलीकडे सून श्वास रोखून थांबली होती. त्या मुलीने अक्काचं अंग पुसलं होतं, भात मऊ कालवून भरवला होता, महिनोन्‌महिने धड झोपली नव्हती. तिला मी काय सांगणार होते? आणि सांगून घरी कोण आणणार होतं? मी तमिळमध्ये म्हणाले, "रसम मागतेय. मिरी जरा जास्त घालून."

"एवढंच?" सून म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं ओझं उतरलेलं मला ऐकू आलं. "अम्मा, रसम हवंय का?"

अक्काला तमिळ आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. मी काय सांगितलं त्यातला शब्द न् शब्द तिला कळला होता. मग अगदी प्रेमाने सुनेला तमिळमध्ये म्हणाली, "होय गं बाळ. रसमच."

त्यानंतर शेवटपर्यंत ती माझ्याशीही तमिळच बोलली.