सीबमध्ये शायेन जिंकले

इथे आखातात आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला मुलांचं नाटक असतं. महाराज, मावळे आणि पळणारा शत्रू, हा विषय ठरलेला. त्या वर्षी समितीला काहीतरी वेगळं हवं होतं. मी वर्तमानपत्रात काम केलेलं असल्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

विषय माझ्या मुलीने सुचवला. ती सहावीत होती. अमेरिकेच्या माळरानावर निळ्या कोटातलं सरकारी घोडदळ आणि तिथल्या मूळच्या शायेन जमातीचे योद्धे यांच्यात चकमकी झाल्या, हे तिने शाळेच्या लायब्ररीत वाचलं होतं. मी त्यावर तीन प्रवेश लिहिले. आधी चकमकी, मग तह, आणि शेवटी तह मोडून घोडदळाने पहाटे छावणीवर केलेला हल्ला.

छावणीतल्या म्हातारीची भूमिका मुलीने स्वतः मागून घेतली. त्या भूमिकेला एकच वाक्य होतं: ‘घाबरू नका, आपण पांढरं निशाण लावलंय, ते गोळी घालणार नाहीत.’ त्यानंतर गोळीबार आणि पडदा. ती घरी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि चारचौघांत मराठी बोलणं टाळायची. हे वाक्य मात्र ती सीबच्या आमच्या घरून बरक्याला तालमीला जाताना गाडीत सतत म्हणायची, कधी हळू, कधी खिडकीकडे तोंड करून.

तालमी बरक्याला, भाड्याने घेतलेल्या एका फार्मवर होत. दिग्दर्शक पुण्याचे इंजिनिअर होते. मंडळाच्या पेटीत मावळ्यांचे कपडे होते, तेच शायेनांना दिले आणि पगड्यांना पिसं चिकटवली. ढाली मावळ्यांच्या, म्हणून लढाईही मावळ्यांची झाली. शायेन खजुरांच्या झाडांमागे दबा धरून बसले. घोडदळ खिंडीत सापडलं.

“माळरानावर खिंड नसते,” मी म्हणालो.

“सर, ही बातमी नाही, नाटक आहे. यल्ला, चला, घोडदळ डावीकडून!”

मागून एक पालक म्हणाले, “तंबूत बसून मार खाणारे मावळे कोण बघणार हो?”

“ते मावळे नाहीत.”

“कपडे बघा की!”

सगळे हसले.

पुढच्या तालमीला शेवटचा प्रवेश गेला. “शिवजयंतीला आपली पोरं मेलेली कशी दाखवायची?” दिग्दर्शक म्हणाले. “समोर त्यांच्या आया बसलेल्या असतात.” आता घोडदळ पळून जाणार होतं, त्यामुळे म्हातारीची गरज उरली नाही. त्यांनी मुलीला आनंदाने सांगितलं, “बेटा, तू आता योद्धा! ही घे तलवार.”

“आणि माझं वाक्य?” तिने मराठीत विचारलं.

“वाक्याचं टेन्शन खलास. सगळ्यांबरोबर जोरात ओरडायचं फक्त.”

समितीच्या बैठकीत मी सांगितलं की शायेन हरले. त्यांची जमीन गेली आणि उरलेल्यांना सरकारने ठरवून दिलेल्या तुकड्यावर नेऊन ठेवलं. सचिव म्हणाले, “ते इथे कोणाला माहीत आहे?” मग चहा आला आणि चर्चा जेवणाच्या ऑर्डरकडे वळली.

प्रयोग चांगला झाला. घोडे एसीच्या खोक्यांचे होते. पळताना एका घोड्याचं डोकं गळून पडलं, त्याला टाळ्या मिळाल्या. विजयी शायेन रांगेत उभे राहिले आणि जयघोष सुरू झाला. मुलगी मागच्या रांगेत होती. पहिल्या दोन घोषणांना तिचं तोंड बंद होतं. बाजूच्या मुलीने तिला कोपर मारलं. तिसऱ्या घोषणेला ती ओरडली, आणि चौथ्याला सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून तिच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला.

“काय झाली होतीस गं तू नाटकात?”

“शायेन.”

“म्हणजे कोण?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

“ते तिकडे राहायचे,” ती म्हणाली. “मग सोल्जर आले. आम्ही त्यांना पळवून लावलं.”

“अगंबाई, किती छान मराठी बोलायला लागलीस!” मावशी म्हणाली, आणि पूर्ण गोष्ट सांग म्हणून मागे लागली. मुलीने सांगितली. खिंडीसकट.