गोराई ते वर्सोवा, बाबांच्या भरतीच्या हिशोबाने

आधीच सांगते, ही किनाऱ्याची वाट झकास आहे. मी ती ज्या कारणासाठी चालले, ते मात्र तितकंसं चांगलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आई गेली. तेव्हापासून बाबा बोरिवलीच्या घरात एकटे. दोनदा किल्ली आत राहिली, एकदा दूध जळून पातेलं काळंठिक्कर पडलं. माझा दादा मुलुंडला राहतो. त्याचं म्हणणं, घर बंद करू आणि बाबांना मुलुंडला आणू. बाबांचं त्यावर एकच उत्तर: "मुलुंडाक समुद्र नाय." शेवटी दादाने मला फोन केला. "तू एक दिवस काढ त्यांच्याबरोबर. डोकं ठिकाणावर आहे का बघ, मग काय ते ठरवू."

कुठे जायचं ते बाबांनीच ठरवलं. गोराईपासून वर्सोव्यापर्यंत, जमेल तेवढं पायी. वय त्र्याहत्तर, बालपण वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, उमेदीची वर्षं गिरणीत. मी घाटकोपरहून आदल्या रात्रीच मुक्कामाला गेले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी सातला बोरिवलीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडली. बोटीसाठी सुट्टे पैसे जवळ ठेवा. निघताना बाबांनी खिशातली चिठ्ठी दाखवली: "भरती दीड". त्यांची पद्धत जुनी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. तिथी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघायची. लहानपणापासून मी हा हिशोब कधी चुकलेला पाहिला नव्हता.

माझ्या मोबाइलवर भरती तीनची होती.

मी काही बोलले नाही. बघू, त्यांच्या लक्षात येतं का, असं ठरवलं. हे लिहितानाही लाज वाटते.

गोराई ते मनोरी वाळूवरून चालायला छान आहे, पण ऑक्टोबरचं ऊन नवानंतर डोक्यात जातं. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. बाबा तुरुतुरु पुढे आणि मी मागून त्यांच्या प्रत्येक वाक्याला मार्क देतेय. वाळूवर आडव्या आलेल्या एका घराच्या आवाराला त्यांनी न विचारता नीट वळसा घातला, बरोबर. पाण्याची बाटली बाकावर विसरले, चूक. एकदा मला आईच्या नावाने हाक मारली. त्याला किती मार्क कापायचे?

मनोरीच्या धक्क्याजवळ लवकरच जेवलो, सुरमई आणि भात. बाबांनी काटे काढून माझ्या ताटात तुकडे ठेवले, मी सहा वर्षांची असल्यासारखे. मग बोटीने मार्वे आणि तिथून पायी आक्सा. तिथला जीवरक्षक पाण्यात उतरणाऱ्यांवर शिट्ट्या फुंकून दमला होता. त्याचं ऐका; तो किनारा खरंच दगाबाज आहे.

आक्साच्या टोकाला कातळ लागतो. ओहोटीला त्याच्या कडेने पुढच्या वाळूच्या पुळणीवर जाता येतं, नाहीतर वर सरळ डांबरी रस्ता आहे. आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते.

"रस्त्याने जाऊ या ना," मी म्हटलं.

"कित्याक? भरती दीडाक झाली. आता पाणी उतारतला. चल गो."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्यांच्या मागून कातळावर चढले.

दहा मिनिटांत लाटा घोट्याला लागल्या, मग गुडघ्याला.  समोरून एक बाई कालवांची टोपली डोक्यावर घेऊन घाईने परत येत होती. ती ओरडली, "ओ काका, कुठे चाललात? पानी चढतंय अजून! फिरा माघारी!"

बाबा थांबले. खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी परत वाचली. तेवढ्यात लाट आली, त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि ते बसलेच. मी दंड धरला, त्या बाईने दुसरा. एक चप्पल वाहून गेली. आम्ही तिघं कसेबसे रस्त्यावर आलो. बाईने बाबांचं खरचटलेलं कोपर पाण्याने धुतलं आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बरोबर असून असं कसं गं?"

पुढचा मढपर्यंतचा रस्ता रिक्षाने केला.  वर्सोव्याच्या बोटीत ते पाण्याकडे बघत म्हणाले, "दादाक सांग, येतंय मी मुलुंडाक. माका आता जमणा नाय."

मला हेच तर तपासायचं होतं. उत्तर मिळालं आणि रडू आवरेना.

संध्याकाळी घरी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा कॅलेंडर दिसलं. पान ऑगस्टचं होतं. दर एक तारखेला पान उलटायचं काम आईचं. यंदा आई गेल्यामुळे घरात ना गणपती, ना दसरा, मग पान उलटायची आठवण होणार कोणाला? मी आजच्या तारखेवर बोट ठेवलं. ऑगस्टच्या पानावर त्या चौकोनात द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. मग दोन पानं उचलून ऑक्टोबर पाहिला. चतुर्थी.

हिशोब बरोबर होता. पान चुकलं होतं.

बाबांना हात धरून आणलं आणि दाखवलं. मोबाइलचंही सांगितलं, सगळं. त्यांनी ऑगस्टच्या पानावरून बोट फिरवलं. त्यातल्या एका चौकोनात आईने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'यांचा चष्मा आणणे'.

"म्हणजे तुका म्हायत होता," ते म्हणाले. "मग माका पाण्यात कित्याक जाऊक दिलंस?"

 

पान उलटायला मी हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं. "ह्या आसूं दे. दुसरा आण." कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माळ्यावर शोधून यंदाचं उरलेलं एक कॅलेंडर काढून दिलं. ते मी शेजारच्या खिळ्याला टांगलं आणि ऑक्टोबर उघडला.

मग दादाला स्पीकरवर फोन लावला. कातळापासून सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट.  त्याने विचारलं, "म्हणजे बाबांचं काय ठरलं?"

मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा लावून नव्या पानावर उद्याची तिथी शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग त्याका. मुलुंडाक समुद्र नाय."