डिक्कीतल्या हवेचा जोर

आईचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं, आणि कानातलं मशीन ती लावत नाही. डोक्यात मधमाशा शिरतात म्हणे. पण आमच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात बसली की तिला बाबांचं गाणं ऐकू येतं. मागच्या काचेखालच्या फळीत दोन स्पीकर आहेत, उजवा अगदी तिच्या कानाशी. बाबा गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलंय, घरी बसून मोबाइलवर केलेलं. मी अकोल्याला घ्यायला गेले की आई लगेच अमरावतीला निघते, ती माझ्या प्रेमापोटी नाही, त्या गाण्यापोटी, हे मी केव्हाच ओळखलंय.

यंदा धाकट्या भावानं डिक्कीत भलामोठा सबवूफर बसवला. मी त्याला फैलावर घेतलं, तर आईच आडवी आली. "राहू दे बाई. ढोलकी मले पाठीत ऐकू येऊन राहिली." मी तो राहू दिला.

त्याच फेरीत मूर्तिजापूरच्या पुढे बाबांचा आवाज फरफरायला लागला. ढोलकीचा ठोका पडला की शब्द फाटायचे. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "कावून बंद केलं गानं?" मी बंद केलंच नव्हतं. ठोके तिला पाठीत लागत होते, बाबा मात्र ऐकू येत नव्हते.

घरी पोचल्यावर मी डिक्की उघडली आणि फरफर कुठून येते ते बघायला उजव्या स्पीकरच्या वायरी उपटल्या. डिक्की लावून मागच्या सीटवर गुडघे टेकले, स्पीकरवरची जाळी काढली आणि भावाला गाणं सुरू करायला सांगितलं. वायर नसलेला तो स्पीकर हलत होता. ठोक्यासरशी त्याचा कागद आत-बाहेर, आत-बाहेर, जिवंत छातीसारखा. मी बघतच राहिले. सबवूफर डिक्कीतली हवा ढकलतो, बंद डिक्कीत तिला वाट नाही, म्हणून ती या स्पीकरलाच पाठीमागून ढोसते. एवढं समजलं तरी अंगावरचा काटा जाईना. रिकामी म्हणतो ती डिक्की अशी भरलेली असते, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

भावानं स्पीकरमागे कापूस ठासला. वऱ्हाडातला माणूस कुठल्याही भोकावर कापसाचाच इलाज करणार. फरफर तशीच राहिली, वर डिक्कीभर कापूस उडाला.

"कापसातून हवा जाते ना रे," आई म्हणाली. "डब्बा लाव मांगून."

घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे होतेच. आमच्याकडे डबा कोणी फेकत नाही. डिक्कीच्या बाजूनं प्रत्येक स्पीकरवर एकेक पालथा घातला, आत थोडा कापूस ठेवला, जोडायच्या वायरींची टोकं भोकातून बाहेर ठेवली, कडा आणि ते भोक एम-सीलनं लिंपलं. पुन्हा गाणं लावलं. सबवूफर तसाच दणकत होता, गाडीची काच थरथरत होती, आणि वायर काढलेला स्पीकर मात्र गप्प. पाच पैशांच्या प्लास्टिकनं तो जोर अडवला होता. मग वायरी जोडल्या आणि आईला तिच्या कोपऱ्यात बसवून चक्कर मारायला निघालो.

बाबांचा आवाज आला, स्वच्छ. आई डोळे मिटून ऐकत होती. पहिलं कडवं संपलं, ढोलकी थांबली, तशी ती एकदम पुढे वाकली.

"हे मधात कोन बाई बोलली?"

मला ते पाठ होतं. कडव्यानंतर बाबा खोकतात आणि एक बाई हळू आवाजात म्हणते, "पानी पेऊन घ्या, मंग म्हना." आईला ते आजवर कधीच ऐकू आलं नव्हतं.

"तूच आहेस ती," मी मोठ्यानं सांगितलं.

पुढचं कडवंही सरत आलं.

"मंग पेले का ते पानी?" तिनं विचारलं.

मी गाडी कडेला घेतली आणि गाणं मागे, बाबांच्या खोकल्यापर्यंत नेलं.