पंगत उठवणारी तबकडी

जॅझच्या जुन्या तबकडीच्या पाकिटातून आज कडुलिंबाचा वाळका पाला सांडला, आणि त्या कडू वासासरशी मी मनाने कित्येक वर्षं मागे, औशाच्या बाजारात पोचलो. लग्नात भोंगे लावणारे इस्माईलचाचा धंदा मोडून, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात जपलेल्या तबकड्या विकत होते. त्यांतली ही मी उचलली.

"ती नको नेऊ," चाचा म्हणाले. "जेवून झाल्यावरबी लोकं पंगतीतून उठत नसले की हीच लावायचो. लगेच पांगायचे."

"लावा तर."

सॅक्सोफोन घुमला आणि गिऱ्हाइकं खरंच पांगली. मी पोत्यावर बसून दोन्ही बाजू ऐकल्या.

"तू उठलाच न्हाईस की," चाचा हसले. "ने. तुझीच हाय."

तेव्हा मला फक्त तबकडीचा आनंद होता. आता पाहुणे आले की मी हीच लावतो. जो उठत नाही, त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.