मनातली शिट्टी

जोगळेकर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे सिंगापूरच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, रांगेत उभे राहायचे आणि आपली पाळी आली की मागच्याला म्हणायचे, "आधी तुम्ही घ्या." त्याचं झालं की त्याच्या मागच्याला. डोसा घ्यावा की पराठ्यासारखा प्राटा, हे काउंटरपलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत बघत ठरवणं त्यांना जमायचं नाही. शेवटी त्यांची बायको वसुधा पुढे होऊन काहीतरी मागवायची आणि ते हुश्श करून ताट उचलायचे. "दोन्ही चांगलंच असतं हो वहिनी," ते मला म्हणायचे, "मग एकावर अन्याय का करायचा?" मी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नुकसानभरपाईचे दावे निकाली काढते. चूक कोणाची हे जेवणाच्या सुट्टीआधी सांगून मोकळं व्हायची मला सवय. त्यामुळे सुरुवातीला हा माणूस मला सहनच व्हायचा नाही.

हेच जोगळेकर आइस हॉकीचे रेफरी आहेत असं कोणीतरी सांगितलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. सिंगापूरसारख्या बारा महिने घाम काढणाऱ्या गावात एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान होतं, आणि माझी बारा वर्षांची मैत्रेयी तिथल्या मुलांच्या लीगमध्ये खेळायला लागली होती. तिच्या पहिल्या सामन्याला मी शाल गुंडाळून बसले होते. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक बुटका माणूस उलटा घसरत समोरून गेला, त्यानं शिट्टी वाजवून एका दांडगट पोराला बाहेर बसवलं आणि पोरगा तोंड उघडायच्या आत पाठ फिरवली. हेल्मेटखालून जोगळेकरांचा चष्मा चमकत होता. मी दोनदा खात्री करून घेतली.

सामन्यानंतर मी विचारलंच, की अहो, हे कसं काय. तर लाजून हसले. कॅनडात नोकरीला होते तेव्हा थंडीत घरात बसून कंटाळा येई म्हणून शिकले होते. "तिथं विचार करायला वेळच नसतो ना, म्हणून जमतं," ते म्हणाले. "आंग मो किओच्या ऑफिसात मी एक मेल चारदा लिहून खोडतो. वसुधा म्हणते, तू शनिवारीच काय तो माणसात येतोस." वसुधा बाजूला उभी होती. तिनं मान डोलावली. मला तेव्हा पहिल्यांदा तो माणूस आवडला.

मग त्या वर्षीचा अंतिम सामना आला. मैत्रेयीची टीम पहिल्यांदाच तिथवर पोचली होती. बरोबरी झालेली, थोडाच वेळ उरलेला. ज्या काळ्या रबरी चकतीनं हा खेळ खेळतात तिला पक म्हणतात. तो पक समोरच्या गोलकीपरच्या पायांशी गेला आणि त्याच्यावर पाच-सहा पोरांचा ढीग पडला. त्या ढिगाच्या कडेला मैत्रेयी होती. तिनं काठी हाणली, पक जाळ्यात गेला, आम्ही सगळे उभे राहून ओरडलो, आणि मग शिट्टी वाजली. जोगळेकरांनी दोन्ही हात आडवे केले. गोल नाही. पुढच्याच मिनिटाला समोरच्या टीमनं गोल केला आणि कप त्यांचा झाला.

एका बापाच्या फोनवर सगळं आलं होतं. आधी गोल, नंतर शिट्टी, अगदी स्पष्ट. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ इतका फिरला की मला तो झोपेतही दिसायला लागला. पण नियम पाहिला तर डोकंच चक्रावलं. रेफरीला पक दिसेनासा झाला आणि त्यानं खेळ थांबवायचं ठरवलं, की खेळ त्याच क्षणी थांबला असं धरतात. शिट्टी तोंडापर्यंत जाऊन वाजायला लागणारा वेळ मोजत नाहीत. म्हणजे शिट्टी आधी मनात वाजते. आता मनात वाजलेली शिट्टी कुठल्या व्हिडिओत ऐकायची? माझ्याकडे आलेल्या दाव्यात कोणी असं लिहिलं असतं तर मी तो कागद परत पाठवला असता.

आमच्या टीमनं लीगकडे तक्रार केली. बाकीचे आईबाप मला म्हणाले, तुमच्याच भाषेतला माणूस आहे, तुम्ही विचारा. मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. वसुधानं पोहे केले होते, पण जोगळेकरांची बशी तशीच होती.

"वहिनी, त्या दिवशी घरी आलो तेव्हा मला चांगलं आठवत होतं, की मी आधीच ठरवलं होतं. मग तुमचा व्हिडिओ पाहिला, तेव्हा वाटलं, छे, कुठे ठरवलं होतं. आता मला व्हिडिओच आठवतो. बर्फ आठवतच नाही."

"पण तुम्ही काहीतरी ठरवल्याशिवाय हात आडवे कराल का?"

"तेच तर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि दुसरं एक डोक्यात येतं. ती मैत्रेयी आहे हे मला दिसलं होतं का? आपल्या घरातल्यासारखी पोर, लोक काय म्हणतील, म्हणून तर मी..." त्यांनी बशी बाजूला सारली. "तसं झालं असेल तर फार वाईट झालं. पण झालं का, ते कसं शोधायचं?"

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. कोणाशी भांडायचं तेच कळेना, आणि मी दोनदा पोहे खाऊन परत आले.

लीगच्या समितीपुढे मैत्रेयीलाही बोलावलं होतं. पक मोकळा होता, मला स्पष्ट दिसत होता, असं तिनं ठणकावून सांगितलं. मग समितीचे प्रमुख टॅन जोगळेकरांकडे वळले. टॅन वयस्क, मऊ बोलणारे, तिथल्या लोकांसारखं वाक्याला 'लाह' जोडणारे गृहस्थ. "जोगा, इझी वन लाह. यू डिसाइड ऑलरेडी, ऑर नॉट येट? यस, नो, दॅट्स ऑल."

'हो' म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच संपलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर निदान कप वाटून देता आला असता. जोगळेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "आय डोन्ट नो. आय अॅम ट्रायिंग, बट आय डोन्ट नो."

खोलीतल्या दोन्ही बाजू चिडल्या. निकाल तोच राहिला. टॅन जोगळेकरांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, आणि पुढच्या मोसमात त्यांना चार सामने दिले. मी ते पाहिले. जोगळेकर शिट्टी तोंडाजवळ न्यायचे आणि थांबायचे. कोणी आडवा आला तर इकडे बघायचे, तिकडे बघायचे. पोरं त्यांना सरळ उलट बोलायला लागली. पाचव्या सामन्याला पट्ट्यांच्या शर्टात दुसराच कोणी होता. "मला शनिवारी आता काय करावं ते सुचत नाही," एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. खरं उत्तर दिल्याबद्दल माणसाचं असं व्हावं, हे मला समजत नव्हतं, आणि खोटं उत्तर द्यायला हवं होतं असंही म्हणवत नव्हतं.

वर्षभरानं कंपनीनं त्यांचं खातंच बंद केलं आणि जोगळेकर पुण्याला परत निघाले. निरोपाला मी मैत्रेयीला घेऊन गेले. फ्लॅटभर खोकी होती. आम्ही खोक्यांवरच बसलो. मैत्रेयी बराच वेळ चुळबुळत होती.

"अंकल," ती एकदम म्हणाली, "मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं ना, पक दिसत होता म्हणून? आय डोन्ट नो, अॅक्च्युअली. नुसते पाय दिसत होते. मी डोळे मिटून मारलं. मे बी."

मी तिच्याकडे बघतच राहिले. समितीपुढे हीच पोर छातीठोकपणे बोलली होती.

जोगळेकर रागावले नाहीत. उलट पुढे सरकून बसले. "तुलाही नाही दिसला?"

"नो. सो हाऊ, अंकल? गोल ऑर नो गोल?"

मला वाटलं, आता हे चष्मा काढणार, पुसणार, आणि यांचं विमान चुकणार.

"नो गोल," जोगळेकर म्हणाले. तिचं वाक्य संपायच्या आत, बर्फावरच्या आवाजात.

"ओके, रेफ," मैत्रेयी म्हणाली.

वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. खाली लिफ्टमध्ये मी मैत्रेयीला विचारलं, तुला पटलं का ते. "नॉट शुअर," ती म्हणाली, "बट समबडी मस्ट से, ममा." जोगळेकरांनी तेव्हा खरंच काही ठरवलं, की पोरीचं मन राखलं, की विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, मला सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी आधीच फार विचारलं होतं.